न्यूट्रलमधील विद्युतधारा कोण मोजणार?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

उन्हाळा वाढू लागला की एखाद्या गृहनिर्माण संस्थेच्या मीटर खोलीत आग लागल्याची बातमी वाचायला मिळते आणि तिच्या शेवटी कारण म्हणून शॉर्टसर्किटचा अंदाज नोंदवलेला असतो. त्या खोलीतील मुख्य केबलमधून आगीपूर्वी किती अँपिअर विद्युतधारा वाहत होती, ती शेवटची कोणी, कोणत्या उपकरणाने आणि दिवसाच्या कोणत्या वेळी मोजली होती, ही माहिती मात्र बातमीत येत नाही, कारण ती बहुधा संस्थेकडेच नसते. पाण्याच्या टाकीची सफाई, लिफ्टची देखभाल आणि अग्निशामक नळकांड्यांची मुदत यांच्या नोंदी काटेकोरपणे ठेवणाऱ्या संस्थांच्या दप्तरातही विद्युतधारेच्या मापनाचा एकही कागद सापडत नाही. विद्युत मापनाचा विषय अनेक वर्षे शिकवलेला एक निवृत्त अध्यापक या नात्याने या बाबीकडे आपल्या वाचकांचे लक्ष वेधावे, म्हणून हे पत्र लिहीत आहे. माझे म्हणणे एवढेच आहे की पुण्यातील प्रत्येक संस्थेने आपल्या मुख्य केबलमधील चारही वाहकांची, आणि त्यातही न्यूट्रलची, म्हणजे धारेच्या परतीच्या सामाईक वाहकाची, विद्युतधारा योग्य उपकरणाने नियमितपणे मोजून घ्यावी. यातील ‘योग्य उपकरण’ या शब्दांवर माझा विशेष भर आहे आणि त्याचे कारण थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक वाटते.

इमारतीत येणाऱ्या केबलमध्ये तीन फेज आणि एक न्यूट्रल असे चार वाहक असतात. सदनिका तिन्ही फेजवर वाटलेल्या असतात, म्हणजे प्रत्येक घराला कोणतीही एक फेज आणि सामाईक न्यूट्रल मिळतो. तिन्ही फेजमधील विद्युतधारा एकमेकींपासून 120 अंशांनी मागेपुढे असल्यामुळे, भार सारखा वाटला गेला असेल तर न्यूट्रलमध्ये त्यांची बेरीज शून्याजवळ येते. याच हिशेबाने अनेक जुन्या इमारतींत ज्याला आपले वीजतंत्री साडेतीन कोअर म्हणतात ती केबल टाकलेली आहे. या केबलमध्ये फेजचे वाहक 70 चौरस मिलिमीटरचे असतील, तर न्यूट्रलचा वाहक 35 चौरस मिलिमीटरचा, म्हणजे निम्म्या छेदक्षेत्राचा असतो. कोथरूड, कर्वेनगर, सहकारनगर, बिबवेवाडी या भागांत 1980 आणि 1990च्या दशकांत उभ्या राहिलेल्या इमारतींच्या वेळी घरात दिवे, पंखे आणि एखादा फ्रिज एवढाच भार असे, आणि त्या भारासाठी हा हिशेब योग्यच होता.

आजच्या घरातील भाराचा स्वभाव वेगळा आहे. एलईडी दिवा, दूरचित्रवाणी संच, संगणक, मोबाइलचा चार्जर, बॅटरी भरणारा घरगुती इन्व्हर्टर या सर्वांच्या आत येणारी प्रत्यावर्ती धारा आधी एकदिश केली जाते आणि तिच्यावर एक संधारित्र म्हणजे कपॅसिटर भरला जातो. हा कपॅसिटर व्होल्टेजच्या लहरीच्या शिखरापाशीच, अगदी थोडा वेळ, विद्युतधारा ओढतो आणि उरलेल्या वेळात जवळजवळ काहीच ओढत नाही. अशा ठोक्यांसारख्या लहरीचे गणिती पृथक्करण केले, तर तिच्यात 50 हर्ट्झच्या मूळ लहरीबरोबर तिच्या विषम पटीतील लहरी आढळतात आणि त्यांपैकी सर्वांत त्रासदायक असते ती तिसरी, 150 हर्ट्झची. मूळ लहरी तीन फेजमध्ये 120 अंशांनी मागेपुढे असतात, पण तिसऱ्या लहरीसाठी हे अंतर तिप्पट म्हणजे 360 अंश होते, म्हणजेच तिन्ही फेजमधील तिसऱ्या लहरी एकाच क्षणी चढतात आणि एकाच क्षणी उतरतात. न्यूट्रलमध्ये त्या एकमेकींना खोडत नाहीत, त्यांची सरळ बेरीज होते.

एक उदाहरण घेऊ. समजा, प्रत्येक फेजमध्ये मूळ लहरीची धारा 50 अँपिअर आणि तिसऱ्या लहरीची 20 अँपिअर आहे. या दोहोंची एकत्रित परिणामकारक धारा वर्गांची बेरीज करून वर्गमूळ घेतल्यावर सुमारे 54 अँपिअर येते. भार तिन्ही फेजवर अगदी समान असूनही न्यूट्रलमध्ये मात्र तीन वेळा 20, म्हणजे 60 अँपिअर वाहतात. निम्म्या छेदक्षेत्राच्या तारेतून फेजपेक्षा जास्त धारा वाहत आहे आणि फेज मोजून समाधान मानणाऱ्याला याचा पत्ताही लागत नाही. शिखरांचे ठोके अगदी अरुंद असतील, तर न्यूट्रलमधील धारा फेजच्या 1.73 पटीपर्यंत जाऊ शकते, हे सिद्धांताने दाखवता येते. प्रत्येक इमारतीत हेच घडत आहे असा माझा दावा नाही. गिझर किंवा इस्त्रीसारखा साधा रोधक भार जास्त असेल, तर तिसऱ्या लहरीचे प्रमाण कमी राहते. आपल्या इमारतीत काय घडत आहे ते मोजल्यावाचून सांगता येत नाही, एवढाच माझा मुद्दा आहे.

त्यात आता विजेवर चालणाऱ्या वाहनांची भर पडली आहे. मोटारीचा 3.3 किलोवॅटचा साधा चार्जर सुमारे 14 अँपिअर घेतो आणि 7.4 किलोवॅटचा सुमारे 32 अँपिअर, आणि तोही रात्रभर, अखंड. वाहनतळावर ज्या फेजवर सोय झाली त्याच फेजवर एकामागून एक असे तीन-चार चार्जर जोडले गेले, तर लहरींच्या आकाराचा प्रश्न बाजूला ठेवला तरी निव्वळ असमतोलामुळे न्यूट्रल भरून वाहू लागतो. आपल्या शहरातील अनेक संस्थांमध्ये ही जोडणी कोणत्या फेजवर करावी याचा निर्णय तार कोणत्या बाजूने सोपी जाते यावर घेतला जातो, ही गोष्ट काळजी वाटावी अशीच आहे.

मुख्य फलकावरचा एमसीसीबी, म्हणजे आपोआप तुटणारा मोठा स्विच, तिन्ही फेजमधील धारा पाहतो आणि ती मर्यादेबाहेर गेली की परिपथ तोडतो. न्यूट्रल मात्र बहुतेक ठिकाणी साध्या धातूच्या पट्टीवरून सरळ पुढे जातो, त्याला कोणतेही संरक्षण नसते. ॲल्युमिनियमच्या तारेचे टोक, तिच्यावर दाबून बसवलेला धातूचा जोडतुकडा म्हणजे लग आणि तांब्याची किंवा पितळेची पट्टी यांच्यातील जोड तापून आणि निवून हळूहळू सैल होतो, ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर चढतो, जोडाचा रोध वाढतो आणि तो आणखी तापतो. शेवटी एखाद्या सायंकाळी न्यूट्रल तुटला, की दोन फेजवरची घरे 400 व्होल्टमध्ये एकामागे एक जोडल्यासारखी होतात. ज्या घरात त्या वेळी भार कमी, त्या घराच्या वाट्याला व्होल्टेज जास्त येते, आणि घरात फक्त दूरचित्रवाणी आणि दोन दिवे चालू असलेल्या कुटुंबाची उपकरणे क्षणात जळून जातात. शेजारच्या घरातील दिवे त्याच वेळी मंद झालेले असतात. सोसायटीत एकाच सायंकाळी अनेकांचे संच जळाल्याच्या प्रकारांमागे हे कारण असू शकते आणि ते आधी ओळखता येते, पण त्यासाठी मोजमाप हवे.

आता उपकरणाविषयी. आपल्याकडचे वीजतंत्री ज्याला टाँग टेस्टर म्हणतात, तो चिमट्यासारखा उघडणारा मापक तार न तोडता विद्युतधारा मोजतो. त्याच्या जबड्यात चुंबकीय गाभा असतो. त्यातून जाणारी तार ही ट्रान्सफॉर्मरची एका वेढ्याची प्राथमिक बाजू होते आणि गाभ्यावरची कुंडली दुय्यम बाजू. कुंडलीला 1000 वेढे असतील, तर तारेतील 100 अँपिअरसाठी कुंडलीतून 100 मिलिअँपिअर मिळतात. इथपर्यंत स्वस्त आणि महाग टाँग टेस्टरमध्ये तत्त्वाचा फरक नाही. या लहान धारेचा आकडा कसा बनवला जातो, तेथे खरा फरक पडतो, आणि तो समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

1820 साली कोपनहेगन येथे ओर्स्टेड यांनी विद्युतधारेजवळ धरलेली चुंबकसूची वळते हे प्रसिद्ध केले आणि त्याच वर्षी श्वाइगर यांनी तारेची कुंडली करून हा परिणाम कित्येक पटींनी वाढवला. विद्युतधारा मोजण्याच्या उपकरणांचा आरंभ तेथून झाला. 1882 साली देप्रे आणि दार्सोनव्हाल यांनी चुंबक स्थिर ठेवून कुंडलीच फिरती केली. आपल्या महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांतील चल-कुंडल गॅल्व्हानोमीटर आणि त्याला समांतर अल्प रोध, म्हणजे शंट, जोडून केलेला ॲमीटर ही त्याचीच संतती आहे. या रचनेत काट्याचे विचलन विद्युतधारेच्या सम प्रमाणात असते, म्हणून तिची मोजपट्टी सारख्या अंतराची आणि वाचायला सुखद असते. चांगल्या ॲमीटरच्या मोजपट्टीखाली आरशाची एक बारीक पट्टी असते आणि काट्याने आपलेच प्रतिबिंब झाकले की डोळा अगदी समोर आहे हे कळते. विद्यार्थ्याला मापनाची शिस्त लावणारी याहून सुंदर सोय मी पाहिलेली नाही.

परंतु चल-कुंडल उपकरण सरासरी मूल्य दाखवते. सेकंदाला 100 वेळा दिशा बदलणाऱ्या धारेची सरासरी शून्य असते, म्हणून अशा धारेसाठी ती आधी एकदिश करून घ्यावी लागते, आणि मग काटा त्या एकदिश लहरीची सरासरी दाखवतो. आपल्याला हवे असते ते परिणामकारक मूल्य, ज्याला तंत्रज्ञ आरएमएस म्हणतात, कारण तारेत निर्माण होणारी उष्णता त्यावर ठरते. शुद्ध साइन लहरीसाठी हे मूल्य सरासरीच्या 1.11 पट असते. म्हणून निर्मात्याने मोजपट्टीवरचे आकडेच 1.11 ने गुणून छापलेले असतात. ही युक्ती साइन लहरीपुरती अचूक आहे. ठोक्यांच्या लहरीत परिणामकारक मूल्य सरासरीच्या दीडपट, दुप्पट किंवा त्याहून अधिक असू शकते, आणि उपकरण मात्र 1.11 नेच गुणत राहते. काटा जाऊन अंकांचा पडदा आला तरी स्वस्त टाँग टेस्टरच्या आत आजही हाच हिशेब चालतो, आणि एलईडी दिवे व संगणक यांच्या भारावर तो 30 ते 40 टक्क्यांपर्यंत कमी आकडा दाखवू शकतो.

या चुकीचा अर्थ नीट लक्षात घ्यावा. तारेत प्रत्यक्ष 100 अँपिअर असताना उपकरणाने 70 दाखवले, तर उष्णता धारेच्या वर्गाच्या प्रमाणात असल्यामुळे तारेत निर्माण होणारी उष्णता आपण गृहीत धरलेल्या उष्णतेच्या दुपटीहून थोडी अधिक असते. वीजतंत्री प्रामाणिकपणे मोजतो, वहीत 70 लिहितो, समिती निश्चिंत होते आणि जोड तापत राहतो.

यावर उपाय उपलब्ध आहे. ज्या टाँग टेस्टरच्या दर्शनी भागावर ‘ट्रू आरएमएस’ असे छापलेले असते, तो लहरीचे क्षणोक्षणीचे मूल्य घेऊन त्याचा वर्ग, वर्गांची सरासरी आणि तिचे वर्गमूळ असा हिशेब करतो, त्यामुळे अशा ठोक्यांच्या लहरीवरही आकडा बरोबर येतो. असे उपकरण बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत काही हजार रुपयांत मिळते. ते घेताना त्यावर मापन श्रेणी पाहावी. मीटर खोलीतील मुख्य फलकासाठी किमान ‘कॅट थ्री’ आणि केबल जेथे इमारतीत शिरते तेथे ‘कॅट फोर’ अशी, 600 व्होल्टची, नोंद असलेले उपकरणच सुरक्षित समजले जाते. जाता जाता एक गोष्ट सांगावीशी वाटते. जुन्या फलकांवर बसवलेले चौकोनी चल-लोह ॲमीटर, ज्यांची मोजपट्टी सुरुवातीला दाटलेली आणि पुढे विरळ असते, ते स्वभावतःच परिणामकारक मूल्य दाखवतात, कारण त्यांच्या काट्यावरचे बल धारेच्या वर्गाच्या प्रमाणात असते. फलकाचे नूतनीकरण करताना चालू स्थितीतले असे ॲमीटर भंगारात देऊ नयेत. त्यांतला एखादा न्यूट्रलवर बसवून घेतला, तर येता-जाता कोणालाही आकडा वाचता येईल.

मोजण्याची रीतही महत्त्वाची आहे. जबड्यात एका वेळी एकच वाहक घ्यावा. एखाद्या घराला जाणारे फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकत्र घेतले, तर त्यांची चुंबकीय क्षेत्रे एकमेकांना खोडतात आणि आकडा शून्य येतो. तो शून्य आला नाही, तर तेवढी धारा जमिनीकडे गळत आहे असे समजावे. घरातील 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारा स्विच, याच तत्त्वावर काम करतो. एवढी लहान गळती मोजण्यासाठी मात्र वेगळा, मिलिअँपिअर वाचणारा टाँग टेस्टर लागतो. मोठ्या पल्ल्याच्या उपकरणाने लहान धारा मोजणे नेहमीच धोक्याचे असते. 1.5 वर्गाच्या, म्हणजे पूर्ण पल्ल्याच्या दीड टक्क्यापर्यंत चूक संभवणाऱ्या, 0 ते 100 अँपिअरच्या ॲमीटरमध्ये दीड अँपिअरची चूक कोठेही संभवते, म्हणजे 10 अँपिअरच्या वाचनात ती 15 टक्के होते. हे सर्व काम परवानाधारक वीजतंत्र्याकडूनच करून घ्यावे, कारण उघड्या पट्ट्यांजवळ जबडा नेणे हे हौशी सभासदाचे काम नाही.

छतावर सौर पॅनेल बसवलेल्या संस्थांनी आणखी एक काळजी घ्यावी. पॅनेलकडून इन्व्हर्टरकडे येणारी धारा एकदिश असते आणि ट्रान्सफॉर्मरच्या तत्त्वावरचा साधा टाँग टेस्टर तिच्यावर लावला तर शून्य दाखवतो, कारण न बदलणारे चुंबकीय क्षेत्र दुय्यम कुंडलीत काहीही निर्माण करत नाही. उन्हात काही अँपिअर वाहत असताना तो शून्य खरा मानून कोणी जोड उघडला, तर एकदिश धारेची ठिणगी सहजासहजी विझत नाही आणि हात भाजण्यापासून आग लागण्यापर्यंत काहीही होऊ शकते. येथे हॉल संवेदक असलेला टाँग टेस्टरच वापरावा लागतो. एडविन हॉल यांनी 1879 साली शोधलेला हा परिणाम स्थिर चुंबकीय क्षेत्रालाही प्रतिसाद देतो. मोजण्यापूर्वी त्याच्यावरील शून्य करण्याची कळ दाबावी, अन्यथा गाभ्यातील उरलेले चुंबकत्व आकड्यात मिसळते.

वीजबिलाच्या तक्रारींसाठी काही वाचक टाँग टेस्टरचा आकडा 230 ने गुणून वॅट काढतात, त्यांनाही नम्रपणे सांगावेसे वाटते की तो गुणाकार शक्तिगुणक, म्हणजे या गुणाकारापैकी प्रत्यक्ष वापरल्या जाणाऱ्या शक्तीचे प्रमाण, लक्षात घेत नाही, आणि मीटर मात्र प्रत्यक्ष ऊर्जा मोजतो. विद्युतधारेचे मापन तारेची सुरक्षितता तपासण्यासाठी आहे, त्यावरून बिलाचा वाद सोडवता येत नाही.

माझ्या काही विनंत्या आहेत. औंध येथील शासकीय आयटीआयसह पुण्यातील सर्व प्रशिक्षण संस्थांनी वीजतंत्री आणि तारतंत्री अभ्यासक्रमांच्या प्रात्यक्षिकांत एकच एलईडी दिव्यांचा भार सरासरी मोजणाऱ्या आणि ट्रू आरएमएस अशा दोन्ही टाँग टेस्टरने मोजून दाखवावा. दोन पडद्यांवरचे दोन वेगळे आकडे एकदा पाहिलेला विद्यार्थी ते विसरत नाही, हा माझा अनुभव आहे. विद्युत निरीक्षकांनी इमारतींच्या तपासणीत न्यूट्रलच्या धारेची नोंद मागावी. वार्षिक देखभालीचा ठेका देणाऱ्या समित्यांनी ठेकेदाराच्या उपकरणाचा प्रकार आणि त्याच्या अंशांकनाच्या प्रमाणपत्राची तारीख पत्रात लिहून घ्यावी, आणि 3.5 कोअरची केबल असेल तर न्यूट्रलच्या जोडांचे तापमानही तपासून घ्यावे.

मोजमाप वर्षातून दोनदा पुरेसे आहे. एक मे महिन्यात रात्री नऊच्या सुमारास, जेव्हा वातानुकूलन यंत्रे, दिवे, संच आणि वाहनांचे चार्जर एकत्र चालतात, आणि दुसरे जानेवारीत सकाळी, जेव्हा पुण्याच्या थंडीत गिझरचा भार शिखरावर असतो. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या वार्षिक सभा 30 सप्टेंबरपूर्वी व्हायच्या असतात. तिन्ही फेज आणि न्यूट्रल यांचे या दोन वेळांचे आकडे, उपकरणाच्या नावासह, सभेच्या अहवालाला जोडावेत, अशी मागणी सभासदांनी आपल्या समितीकडे आताच लेखी करावी.

कळावे.

आपला नम्र,
विद्युत अभियांत्रिकीचा एक निवृत्त अध्यापक,
कोथरूड, पुणे